मदत हवी आहे: मुंबईला गेलेल्या आजोबांच्या भावाचे घराणे फेसबुकवर कसे शोधू?

डिचोलीची_लेक:
लवकर उत्तर हवे आहे. आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईला गेला तो परत आला नाही. बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्या या काकांची मुले-नातवंडे असतील तर एकदा भेट व्हावी, एवढेच त्यांच्या मनात आहे. आडनाव नाईक. फेसबुकवर दिसतील त्या नाईकांना मेसेज केले, जुन्या गोव्याच्या फोटोंच्या ग्रुपवर आजोबांचा फोटो टाकला. लोक हात जोडतात, ‘छान फोटो’ म्हणतात, पुढे काही नाही. नेमके काय करायचे ते सांगा.

फोंडेकर:
नाईक गोव्यात गावागावांत आहेत हो. गाव कुठले? कुळदेव कोण? भाऊ साधारण कधी गेला, मुंबईत कुठे होता? ग्रुपवरही हे लिहिले नसेल तर ओळखणारा ओळखणार कसा?

माशेलची_सून:
माझ्या सासऱ्यांची कारवारकडची शाखा फेसबुकवरच मिळाली. मी आडनावामागे लागलेच नाही. कुळदेवीच्या देवस्थानच्या पेजवर जत्रेच्या फोटोंखाली ‘आमची कुळदेवी, दरवर्षी येतो’ असे लिहिणारे शोधले आणि तिथेच, सगळ्यांसमोर विचारले. अनोळखी माणसाने पाठवलेला मेसेज समोरच्याच्या ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये पडून राहतो, बरेच जण तो कप्पा उघडतही नाहीत. तुमचे मेसेज बहुतेक तिथेच असतील.

बार्देसकार:
आजोबा पोर्तुगीज राजवटीत, १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असणार, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. जन्मनोंदीची प्रत आधी काढून ठेवा.

डिचोलीची_लेक:
मला पासपोर्ट नको आहे. मूळ घर फोंडा तालुक्यातले प्रियोळ, कुळदेवी म्हार्दोळची म्हाळसा. काका १९४० च्या सुमारास गेले, गिरगावात असायचे असे बाबा म्हणतात. नाव उघड लिहीत नाही, मदत करणाऱ्यांना निरोपात कळवीन.

शोधक७:
सरळ डीएनए चाचणी करा. मी केली, दूरचे नातलग यादीत आले.

फोंडेकर:
ती यादी चाचणी केलेल्यांचीच असते. गिरगावातल्या त्या घरातल्या कोणी केलीच नसेल तर काय जुळणार? पैसे घालवू नका.

शोधक७:
मला उपयोग झाला म्हणून सांगितले. फेसबुकवर तरी सगळे कुठे असतात?

नाशिकवाला:
त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. कोण कधी आला, सोबत कोण होते, बापाचे-आजाचे नाव, सगळे मिळते. मुंबईची माणसे श्राद्धविधीला तिथे येतातच.

वेर्णेकर:
म्हाळसेचे मूळ स्थान दक्षिण गोव्यातल्या साष्टीतले वेर्णे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा मूर्ती नदीपलीकडे म्हार्दोळला नेली. तेव्हा तुमचे मूळही वेर्ण्याच्या गावकरीत, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या संस्थेत, असू शकेल. त्यातले कोणते वांगड (घराण्याची शाखा), ते घरात विचारा.

माशेलची_सून:
अहो, त्यांना १९४० सालचा माणूस हवा आहे, चारशे वर्षांपूर्वीचा नाही.

फोंडेकर:
आता गाव कळले, तर हे करा. देवस्थानात म्हाजनांची, म्हणजे वंशपरंपरेने देवस्थानचे सभासद असलेल्यांची, यादी असते, तिच्यात मुंबईचे कोणी आहे का, कमिटीला विचारा. मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन १९१९ पासून आहे, तिथेही कळवा. फेसबुकवर शोधताना जुने स्पेलिंग वापरा. पोर्तुगीज कागदांत नाईक शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून लिहीत आणि ‘श’साठी ‘एक्स’ वापरत. काही घरांनी तेच स्पेलिंग आजही ठेवले आहे.
आणि पणजोबांच्या मालमत्तेचा इन्व्हेंतार, म्हणजे न्यायालयातले वारसा-वाटणीचे काम, झाला होता का? त्यात सगळ्या वारसांची नावे येतात. धाकटा तेव्हा मुंबईत असेल तर तसा उल्लेखही सापडेल. मला फेसबुकपेक्षा यावर जास्त भरवसा आहे.

माशेलची_सून:
फोंडेकरकाका, कागदात नाव मिळाले तरी आजची नातवंडे कुठे आहेत हे फेसबुकच सांगणार. दोन्ही लागेल.
ताई, एक मात्र सांभाळा. आमच्या पोस्टवर एकाने ‘मीच तुमचा चुलत भाऊ’ म्हणून निरोप धाडला आणि लगेच आधारचा फोटो मागितला. नातलग म्हणून कोणी आले तर घरच्या देवकार्याचे, जुन्या घराचे विचारा. बाबांची जन्मतारीख, आईचे माहेर, जमिनीचा सर्व्हे नंबर उघड लिहू नका.

बार्देसकार:
१९१४ पासूनच्या जन्मनोंदी फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विचारा. पासपोर्ट नको असला तरी आई-बापाची नावे तिथे पक्की मिळतील.

डिचोलीची_लेक:
बाबांच्या ट्रंकेत पोर्तुगीज कागदांचे एक बाड आहे. इतके दिवस जमिनीचे म्हणून कोणी उघडले नव्हते. आज पाहिले, एका पानावर आजोबांचे नाव, त्याखाली काकांचे. पुढची ओळ मला वाचता येत नाही. शेवटचा शब्द ‘बोंबाईं’ असा काहीतरी दिसतो.

फोंडेकर:
बोंबाईं म्हणजे मुंबई! त्याआधी ‘रेझिदेंत’ दिसते का बघा, म्हणजे राहणार मुंबई. पान इथे टाकू नका, मला निरोपात पाठवा. पहिले पानही पाठवा, साल आणि न्यायालय त्यावर असते.

डिचोलीची_लेक:
हो, ‘रेझिदेंत’ आहे. दोन्ही पाने पाठवली आहेत. बाबा शेजारीच बसले आहेत, लवकर बघाल का?