पुरुषांची एचपीव्ही टेस्ट कुठे होते? मदत हवी आहे (तातडीचे)

प्रवासी_७:
रिपोर्ट आलाय, एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संबंधातून लागणारा विषाणू) पॉझिटिव्ह. मला माझी टेस्ट करायची आहे, पण लॅबवाल्यांनी "पुरुषांची होत नाही" एवढंच सांगून फोन ठेवला. असं कसं? विषाणू तोच ना? रक्तातून कळतं का? कॅन्सर होतो म्हणे, रात्रभर तेच वाचतोय. लवकर सांगा. "डॉक्टरांना भेटा" एवढंच कृपया लिहू नका.

रानजाई:
रिपोर्ट कोणाचा? टेस्ट होत नाही म्हणता, मग पॉझिटिव्ह कोण? विषाणूचा टाइप (उपप्रकाराचा नंबर) लिहिलाय का? तुम्हाला कुठे चामखीळ वगैरे?

मितभाषी:
आधी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करा. बाकी नंतर.

प्रवासी_७:
पत्नीचा रिपोर्ट, अजून कोणाचा! टाइप १६. मला काही त्रास नाही. प्रश्न टेस्टचा आहे.

शुभदा_के:
त्वचा व गुप्तरोग ओपीडीत काम करते, म्हणून लिहिते. लॅबने बरोबर सांगितलं, नीट सांगितलं नाही. पुरुषांसाठी मान्यताप्राप्त एचपीव्ही तपासणी नाही. हा विषाणू रक्तात फिरत नाही, त्वचेत आणि आतल्या अस्तरात राहतो, त्यामुळे रक्त देऊन काही कळणार नाही. बायकांची तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाआधीचे बदल पकडण्यासाठी असते. पुरुषांत तसं एक ठरावीक ठिकाण नाही. आणि समजा पॉझिटिव्ह आलात, तरी विषाणू मारणारं औषध नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जो टिकून राहतो तो धोक्याचा: घसा (टॉन्सिल, जिभेचं मूळ), गुदद्वार, लिंग यांचा कर्करोग. पुरुषांत घशाच्या अशा कर्करोगात १६ नंबरच सर्वात जास्त सापडतो, पण संसर्ग झालेल्यांपैकी फार थोड्यांना तो होतो. सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा, धूम्रपानाने विषाणू टिकण्याची शक्यता वाढते.

वडाचीपारंबी:
थुजा (होमिओपॅथीचं औषध) घ्या. माझ्या मेव्हण्याची हातावरची चामखीळ महिन्याभरात गळून पडली.

रानजाई:
अहो, हातावरची चामखीळ वेगळ्या टाइपने होते आणि ती औषधाशिवायही जाते. त्यांना चामखीळ नाहीच आहे! लैंगिक भागावरची ६ आणि ११ ने होते, आणि हे टाइप कर्करोग करत नाहीत म्हटलं तरी चालेल. धागा १६ चा आहे.

वडाचीपारंबी:
अनुभव सांगितला. तुम्हाला ॲलोपॅथीच खरी वाटत असेल तर बोलणं संपलं.

प्रवासी_७:
एक राहिलं. लिंगाच्या टोकाच्या कडेने बारीक पांढरट पुरळ आहे, गोल रांगेत. कॉलेजपासून आहे म्हणून लिहिलं नव्हतं. व्हिनेगर लावून बघितलं की कळतं असं वाचलं?

शुभदा_के:
व्हिनेगर लावू नका, साधी जळजळ झालेली त्वचाही पांढरी पडते. पायाच्या चामखिळीचं ॲसिड तर तिथे अजिबात नको. एकसारखे दाणे, ओळीत, वर्षानुवर्षं तसेच, यावरून ते पर्ली पॅप्यूल वाटतात. ते नैसर्गिक असतात, एचपीव्हीशी संबंध नाही. चामखीळ वेडीवाकडी वाढते, कोबीच्या गड्ड्यासारखी. तरी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, नजरेने बघूनच ते सांगतात.

कोरा_कागद:
लस घ्या, विषय संपला. नऊ टाइपची आहे.

मितभाषी:
आधीच झालेला संसर्ग लस काढत नाही. उगाच आशा लावू नका.

कोरा_कागद:
नऊही टाइप झालेले नसतात! उरलेल्यांपासून तरी वाचतील.

रानजाई:
दोघांचंही बरोबर आहे, पण फायदा सर्वात जास्त संबंध सुरू होण्याआधी. मुलगा असेल तर ९ ते १४ वयात द्या. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही शाळेत देतात.

प्रवासी_७:
मुलगा नाही. मला खरं विचारायचं ते वेगळंच आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली. मग हे आलं कुठून? घरात दोघंही बोलत नाही आहोत.

शुभदा_के:
रिपोर्टवरून ते कळूच शकत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, लग्नाआधीचाही असू शकतो, तुमच्याकडून गेलेला किंवा त्यांच्याकडून आलेला. कंडोमने धोका कमी होतो, पण न झाकलेल्या त्वचेतूनही लागतो. ताईंना कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी) सांगितली असेल, ती झाली का?

प्रवासी_७:
तारीख मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात. ती एकटी जाते म्हणाली.

रानजाई:
एकटीला पाठवू नका, भाऊ. तुमच्या टेस्टपेक्षा हे आधी.