मदत हवी आहे : चेन्नईहून नागपूरला मोटारसायकल आणणे आणि मिहानला रोजचे येणे-जाणे

टळटळीत_ऊन :
नमस्कार. माझी बदली चेन्नईहून नागपूरला झाली असून पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मिहानमधल्या (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) कार्यालयात रुजू व्हायचे आहे. घरसामानाचा ट्रक ठरला, पण ट्रकवाला मोटारसायकल घ्यायला तयार नाही, आणि दुचाकी पोहोचवणाऱ्या दोघांनी सांगितलेल्या दरांत इतकी तफावत आहे की कोणावरच विश्वास बसत नाही. ती रेल्वेने आणावी का, आणि आणल्यावर नंबर बदलावा लागतो का, एवढेच मला हवे आहे. ‘तिथेच विकून टाका’ हा सल्ला कृपया देऊ नये. इथले घर महिनाअखेरीस सोडायचे असल्याने उत्तर लवकर मिळावे.

खामलेकर :
भाऊ, मोटारसायकल कोणती, किती जुनी, आरसी कोणाच्या नावावर, कर्ज काढले होते का, आणि नागपुरात कायमचे येत आहात की दोन वर्षांसाठी, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. यावरच सारे अवलंबून आहे.

जुना_सायलेन्सर :
पाठवायची कशाला? चालवत आणावी. एकदा हैदराबाद गाठले की आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट असा ४४ क्रमांकाचा महामार्ग थेट नागपुरात आणून सोडतो. मी याच रस्त्याने आलो आहे आणि त्याहून सुखाचा प्रवास मला आठवत नाही.

टळटळीत_ऊन :
भाऊ नव्हे, ताई. मोटारसायकल रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, चार वर्षे जुनी, माझ्याच नावावर. कर्ज गेल्या वर्षी फिटले. भर मे महिन्यात हजाराहून जास्त किलोमीटर चालवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर कोणी देईल का?

संत्राबर्फी :
ताई, रेल्वेने आणता येते. त्याच रेल्वेचे तुमचे तिकीट असेल तर ‘लगेज’ म्हणून, नसेल तर ‘पार्सल’ म्हणून नोंद होते. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, आणि टाकी पूर्ण रिकामी असावी लागते. पॅकिंग करणारे स्थानकाबाहेरच असतात, पण त्यांच्यासमोर उभे राहून टाकी, हेडलाइट आणि इंडिकेटर यांवर गोणपाटाचे दोन थर घालून घ्यावेत, कारण नुसते हँडल गुंडाळून दिले की पहिला ओरखडा टाकीवरच उमटतो. गोणपाटावर पुठ्ठा शिवून त्यावर निघण्याचे आणि पोहोचण्याचे स्थानक ठळक लिहावे. मुख्य अडचण वेगळी आहे. तामिळनाडू एक्सप्रेस काय किंवा ग्रँड ट्रंक एक्सप्रेस काय, दोन्ही दिल्लीकडे जाणाऱ्या असून नागपूर हे त्यांचे मधले स्थानक आहे. थांबा थोडाच असल्याने मोटारसायकल डब्यात आत ढकलली गेली आणि तिच्यापुढे इतर माल रचला गेला, तर ती इथे न उतरता पुढे जाऊ शकते. म्हणून शक्यतो त्याच रेल्वेने यावे आणि उतरल्याबरोबर ब्रेक व्हॅनपाशी, म्हणजे मालाच्या डब्यापाशी, जाऊन उभे राहावे.

खामलेकर :
रेल्वेचे नंतर पाहा. कर्ज फिटले असे आपण लिहिता, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे फायनान्स कंपनीची नोंद, उतरवला आहे का? हप्ते संपले म्हणून तो आपोआप जात नाही. फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि आपल्या आणि कंपनीच्या सहीचा नमुना ३५ आरटीओकडे द्यावा लागतो.

टळटळीत_ऊन :
आताच आरसी काढून पाहिली. कंपनीचे नाव अजून तसेच आहे. त्याचा नागपूरशी काय संबंध?

खामलेकर :
थेट संबंध आहे. दुसऱ्या राज्याचा नंबर घ्यायचा तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि बोजा असेपर्यंत त्यासाठी फायनान्स कंपनीची संमती मागतात. हे काम चेन्नईत असतानाच उरका, नाहीतर नागपुरात बसून तिथल्या शाखेला फोन करत राहावे लागेल.

नियमावर_बोट :
ताईंना उगाच घाबरवू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले तरच नवा नंबर घ्यावा लागतो. वर्षभर तामिळनाडूच्या नंबरवर खुशाल फिरा. तीस दिवसांची मुदत पत्त्यातील बदल कळवण्याची आहे, ती कलम ४९ मध्ये येते, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

खामलेकर :
कलम मलाही ठाऊक आहे. मुद्दा असा की अकराव्या महिन्यात ना-हरकतीसाठी धावपळ करण्यापेक्षा आज तिथे असताना निदान बोजा उतरवून घेणे शहाणपणाचे आहे. नवा नंबर घेताना इथला कर भरावा लागेल आणि तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, त्यामुळे मूळ पावती जपून ठेवा.

बदलीवाला :
या सगळ्यापेक्षा बीएच मालिका, म्हणजे राज्य बदलले तरी बदलावा न लागणारा ‘भारत’ नंबर, घ्यावी. खासगी कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असली तर कर्मचाऱ्याला ती मिळू शकते, आणि जुन्या नंबराचे वाहनही त्यात नेण्याची सोय २०२२ च्या डिसेंबरपासून आहे.

नियमावर_बोट :
आणि दर दोन वर्षांनी कर भरत बसावे? ताई इथेच स्थायिक होणार असतील तर त्याचा काय उपयोग?

मेट्रोप्रेमी :
माझे मत विचारले नाही तरी सांगतो. मेट्रो खापरीपर्यंत जाते. मोटारसायकल आणूच नये.

टळटळीत_ऊन :
खापरी स्थानकापासून माझे कार्यालय आतल्या बाजूला असून पाळी रात्री उशिरा संपते, त्यामुळे मेट्रोवर विसंबता येणार नाही. घर मनीषनगर किंवा बेसा यांपैकी एका ठिकाणी पाहत आहे. येण्याजाण्याच्या दृष्टीने कोणते बरे?

जुना_सायलेन्सर :
हेल्मेट आणि सुती दुपट्टा सोबत असला तर दोन्हीकडून सारखेच. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र दुपारी सिमेंट रस्त्यावर सिग्नलला उभे राहिले की वरून ऊन, खालून रस्ता आणि मधून ३५० चे इंजिन असे तिन्हीकडून भाजते. हातमोजे सुतीच घ्यावेत. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी, दुपारी तापलेल्या टायरमधली हवा कमी करू नये.

संत्राबर्फी :
बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे पुढे नंबर घेताना शहराचे कार्यालय की ग्रामीणचे, म्हणजे एमएच-३१ की एमएच-४०, हे भाडेकराराच्या पत्त्यावरून आधी विचारून घ्यावे. घर कुठेही घ्या, पण पार्किंग तळघरात असेल तर पावसाळ्यात पाणी शिरते का, हे घरमालकाला नव्हे, चौकीदाराला विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांत उभ्या गाड्या बुडाल्या होत्या.

टळटळीत_ऊन :
आभारी आहे. फायनान्स कंपनीला आज पत्र लिहिले असून नमुना ३५ हातात आल्याशिवाय मोटारसायकल हलवणार नाही, मग भले ती इथे मैत्रिणीच्या अंगणात महिनाभर उभी राहो. एकच विचारायचे राहिले : पावसात नरेंद्रनगरच्या पुलाखालून जाता येते का?

खामलेकर :
जोराचा पाऊस असेल तर मुळीच जाऊ नका, तिथे पाणी साचते. वर्धा रोडने फिरून या, दहा मिनिटे जास्त लागतील. आणि फायनान्स कंपनीकडून पोच घ्यायला विसरू नका.