त्रास देणारं गिऱ्हाईक आधीच ओळखू आलं, तर काम नाकारावं का?

छापखाना, नारायण पेठ

आमचा लहान छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची गर्दी सुरू होते. माझं मत स्पष्ट आहे: काही पार्ट्या पहिल्या दहा मिनिटांतच कळतात. आधीच्या छापखान्याला नावं ठेवतच आत येतात. मजकूर अर्धवट असतो, निमंत्रकांची नावं घरात ठरायची असतात, पण पत्रिका मात्र परवा हवी असते. ॲडव्हान्सचा विषय काढला की "आम्ही काय पळून जातोय का?" अशांना मी "या तारखेत जमणार नाही" असं सांगतो आणि हात जोडतो.

लक्ष्मी रोडवर साडी परत आली तर घडी घालून पुन्हा कपाटात जाते. छापलेली पत्रिका त्या एका घराशिवाय कुणाच्याच कामाची नाही. कागद, प्लेट, कटिंग, पाकिटं, कारागिरांची मजुरी, सगळं आमच्या अंगावर पडतं. एका अशा पार्टीपायी बाकीच्या पाच जणांची कामं लांबतात. शांतपणे थांबलेल्यांनी ते का सोसायचं?

ब्लाउज-ड्रेस शिलाई, कोथरूड

दादा, मला हे पटत नाही. पहिल्याच भेटीत तोलून बोलणारी, दहा प्रश्न विचारणारी बाई माझ्याकडे येते, तेव्हा बहुतेक वेळा तिचं कापड आधी कुठेतरी वाया गेलेलं असतं. पैठणीतलाच ब्लाउज पीस असतो, तो चुकीचा कापला तर तसा दुसरा मिळत नाही. तिची भीती खरी आहे.

मी तिला बिघडलेला ब्लाउज घेऊन यायला सांगते. तो अंगावर घातला की निम्मं भांडण तिथेच मिटतं, कारण मुंढा (बाही जोडतात तो काखेचा भाग) काचतोय, गळा खांद्यावरून उतरतोय की टक्स (छातीपाशी आकारासाठी घातलेल्या चिमट्या) खाली आलेत ते दोघींना दिसतं. मग मापाच्या वहीत गळ्याची खोली तिच्यासमोर लिहायची, बाहीचं चित्र काढायचं, खाली तिची सही. महागाचं कापड असेल तर कच्च्या शिलाईवर ट्रायल, त्याशिवाय पक्की शिलाई नाही. एवढं केल्यावर याच बायका वर्षानुवर्षं टिकतात आणि जावा-नणंदांना घेऊन येतात. तुम्ही ज्यांना दारातून परत पाठवता, त्यांतल्या कितीजणी अशा असतील?

आणि "तारखेत जमणार नाही" हे कारण खरं नसेल तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजाऱ्याची ऑर्डर तुम्ही घेतलीत हे कळायला पेठेत कितीसा वेळ लागतो?

केटरिंग, सिंहगड रोड

मी छापखान्याच्या बाजूने. ताई, तुमच्याकडे ट्रायल आहे. आमच्याकडे पंगत एकदाच बसते. गॅरंटी अडीचशे ताटांची ठरते, जेवतात तीनशे वीस आणि रात्री अकराला हिशोबाला बसलं की "एवढी माणसं नव्हतीच". म्हणून ताटं मोजायला दोन्हीकडचा एकेक माणूस उभा राहील, ही अट मी बोलणी होतानाच घालतो. त्यालाच जो चिडतो, त्याचं काम मी घेत नाही. तोंडावर कारण सांगून घेत नाही.

फक्त ग्राहक, सदाशिव पेठ

तुम्ही सगळे एक गोष्ट सोयीने विसरताय. बिल मागणारा, लेखी भाव मागणारा, खराब माल परत घ्या म्हणणारा, हे सगळे तुमच्या भाषेत 'कटकटी' होतात. ग्राहक पंचायतीचं काम 1974 मध्ये याच पुण्यात सुरू झालं, ते गिऱ्हाइकाने मान खाली घालून बाहेर पडू नये म्हणूनच.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही. हे माहीत असलेला माणूस त्रासदायक नाही, तो जागरूक आहे.

छापखाना, नारायण पेठ

कायद्याशी माझं भांडण नाही. शब्द आमच्या हातून चुकला तर आम्ही फुकट छापून देतो, द्यायलाच हवं. पण तुम्ही प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेली प्रत, तपासलं, व्हॉट्सॲपवर 'ओके' पाठवलं आणि छपाई झाल्यावर आत्याबाईंचं नाव राहिलं म्हणून भांडायला आलात, तर तो माल सदोष कसा? मोबाइलवर दिसणारा लाल आणि कागदावर उतरणारा लाल वेगळा असतो, हेही मी आधी सांगतो. तरी पत्रिका हातात घेऊन रंगावरून आवाज चढतोच. कारागीर समोर उभे असतात, त्यांचाही अपमान होतो. तो मला जास्त लागतो.

फक्त ग्राहक, सदाशिव पेठ

रंगाचं तोंडी सांगू नका. कागदावर एक नमुना काढून दाखवा आणि त्यावर सही घ्या. त्यानंतरही कुणी आवाज चढवला तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

ऑफिस स्टेशनरी छपाई, भोसरी

मला खरा त्रास गोड बोलणाऱ्यांचा होतो. कंपनीची ऑर्डर, चहा पाजतात, साहेब-साहेब करतात आणि पेमेंटला चार महिने. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्सवाले फोन उचलतात. पहिल्या भेटीत माणूस ओळखण्यावर माझा म्हणूनच विश्वास नाही.

ब्लाउज-ड्रेस शिलाई, कोथरूड

हेच तर सांगतेय. ॲडव्हान्स, सही, तारीख हे नियम गोड बोलणारीला आणि चिडचिड करणारीला सारखेच लावा. ज्याला ते मान्य नाहीत तो स्वतःच जाईल. चेहऱ्यावरून ठरवायला लागलो की नऊवारीतल्या आजींना एक वागणूक आणि भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या बाईला दुसरी, असं हळूहळू होतं. मी दुसऱ्यांच्या दुकानांत ते पाहिलंय.

छापखाना, नारायण पेठ

नमुन्यावर सही ही गोष्ट या सीझनपासून सुरू करतो. तारखेचं कारण पुढे करणंही बंद, ॲडव्हान्सशिवाय काम घेत नाही एवढंच सांगेन. पण माझ्या कारागिरांशी अरेतुरे करणाऱ्याने सगळे नियम पाळले, पैसे आधी मोजले, तरी त्याची पत्रिका मी छापणार नाही. ताई, यावर तुमचं काय म्हणणं?

ब्लाउज-ड्रेस शिलाई, कोथरूड

तिथे मीही नाही घेणार. पण दारातूनच नाही, आधी एकदा सांगून बघेन की इथे अहो-जाहो बोलायचं. काहीजण ऐकतात.