‘काउंटरफीट’ला बनावट म्हणायचं, नकली की आणखी काही?

लेखणीवाली
संग्राह्य खेळणी विकणाऱ्या एका संकेतस्थळाच्या नियमावलीचं भाषांतर करते आहे. तिथे काउंटरफीट, रेप्लिका आणि अनऑथराइज्ड अशा तिन्ही प्रकारच्या वस्तू विकायला मनाई आहे. मी ‘बनावट, प्रतिकृती व अनधिकृत’ असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी दोन शेरे मारले. पहिला, ‘बनावट’ म्हणजे घडण. जपानी बनावटीचं खेळणं अस्सलच असतं. दुसरा, प्रतिकृतींवर बंदी घातली तर विकायला उरलं काय? कंपनीच्या परवानगीने काढलेली छोटी मोटार हीसुद्धा प्रतिकृतीच. दुसरा शेरा पटला, पहिला अजिबात नाही. तुम्ही काय लिहाल?

शब्दांकुर
‘बनावट नोटा’ वाचून नोटांची घडण चांगली आहे असं कुणाला वाटतं का? ‘बनावटीचा’ म्हटलं की घडण, ‘बनावट’ हे विशेषण म्हणून आलं की खोटं. मराठी कानाला हा फरक बरोबर कळतो. गंमत म्हणजे काउंटरफीटच्या मुळाशीही ‘करणे’ या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे आणि आपल्या शब्दाच्या मुळाशी ‘बनणे’. बनावटच ठेवा.

जुनी_पेटी
मी वीस वर्षं खेळणी जमवतोय. आमच्यात ‘बनावट’ कुणी म्हणत नाही, कारण खोटेपणाचेही प्रकार असतात. कारखान्यातून सर्रास येतं ते बूटलेग. मूळ मूर्तीवरून साचा काढून पुन्हा ओतलं की रिकास्ट. जुन्या बाहुल्यांच्या हरवलेल्या तलवारी-बंदुका नव्याने केल्या की रेप्रो. लबुबू या गाजलेल्या बाहुलीच्या नकलांना तर जगाने ‘लफुफू’ असं नावच देऊन टाकलंय.

मी स्वतः फसलोय, म्हणून जीव तोडून सांगतो. एकदा मागवलेल्या बाहुलीच्या वर्णनात ‘रेप्लिका’ लिहिलेलं होतं. मला वाटलं, छोट्या आकारातली अधिकृत आवृत्ती असेल. आली ती रंग ओघळलेली, सांधे सैल. तक्रार केली तर विक्रेता म्हणे, आम्ही सांगूनच विकलं होतं.

कलमवाचक
पेटीकाका, सांगून विकलं म्हणून तो सुटत नाही. बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार 1 जानेवारी 1995 पासून लागू आहे. त्याच्या 51व्या कलमाच्या तळटीपेत दोन वेगळ्या व्याख्या आहेत. नोंदणीकृत व्यापारचिन्ह किंवा त्यापासून वेगळं ओळखता न येणारं चिन्ह परवानगीशिवाय लावलेला माल तो काउंटरफीट, आणि यात वेष्टनही आलं. हक्कदाराच्या संमतीविना काढलेली नक्कल ती पायरेटेड. गिऱ्हाईक फसलं पाहिजे अशी अट दोन्हींत नाही. त्यामुळे ‘फर्स्ट कॉपी’ असं उघड लिहून विकणाराही यात येतो.

ताई, तुमच्या भाषांतरात हे दोन अर्थ एका शब्दात कोंबू नका. रिकास्टवर कुठलंही चिन्ह नसलं, तरी मूळ मूर्तिकाराचा हक्क मोडलेला असतो.

शुद्धमती
मग संस्कृताकडे का जात नाही आपण? कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणाऱ्याला ‘कूटरूपकारक’ म्हटलंय. ‘कूटचिन्हित खेळणी’ आणि ‘चौर्यप्रत’ असे दोन शब्द घेतले की दोन्ही व्याख्या वेगळ्या राहतात. फर्स्ट कॉपी, बूटलेग, रेप्रो हे ऐकवत नाही हो.

शब्दांकुर
कूट म्हटलं की आज कोडं आठवतं. ‘कूटचिन्हित’ वाचून विक्रेता समजेल की खेळण्यावर सांकेतिक खुणा आहेत. नियम ज्याला पाळायचाय त्याला तो कळला पाहिजे.

शुद्धमती
न वापरल्यामुळे शब्द अपरिचित राहतो, आणि अपरिचित म्हणून आपण तो वापरत नाही. हे चक्र कुणी तोडायचं?

दारचा_पाहुणा
‘तोतया’ कुणालाच कसा सुचला नाही? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून उभा राहिला तो तोतया. दुसऱ्याचं नाव लावून मिरवणं हाच तर काउंटरफीटचा अर्थ. तोतया खेळणी! पाहताक्षणी कळतं.

लेखणीवाली
शब्द फार आवडला. पण तोतया माणूस असतो ना? तो स्वतः खोटं बोलतो. खेळणं बिचारं काय बोलणार?

कलमवाचक
बोलतं की. चिन्ह हेच त्याचं बोलणं. लेगो कंपनीच्या एकमेकींत बसणाऱ्या खेळण्यातल्या विटेचं उदाहरण घ्या. त्या विटेच्या पेटंटसाठी 28 जानेवारी 1958 ला अर्ज झाला. पेटंट संपल्यावर विटेचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखायचा प्रयत्न झाला, तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये नाकारला, कारण तो आकार तांत्रिक कामासाठी आहे. म्हणजे त्या विटांना जुळणारी वीट स्वतःच्या नावाने विकता येते. ती नकली नव्हे. त्याच कंपनीच्या छोट्या माणसाच्या आकृतीचं चिन्ह मात्र 2015 मध्ये युरोपात टिकलं.

जुनी_पेटी
हेच तर! जुळणाऱ्या विटांनाही लोक सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतात. प्रामाणिक कारखानदारावर तो अन्याय आहे.

शब्दांकुर
‘डुप्लिकेट’चं मराठीत विचित्रच झालंय. डुप्लिकेट चावी आपण हौसेने करून घेतो, डुप्लिकेट माल म्हटलं की नाक मुरडतो. ‘नक्कल’चंही तेच. कोर्टातून निकालाची नक्कल काढतात ती शिक्क्यानिशी, अधिकृत. पण ‘ई’ लागून नकली झालं की अब्रू गेली.

दारचा_पाहुणा
शब्द अरबी, नक़्ल. आणि तिच्यासमोरचं ‘अस्सल’सुद्धा अरबीच, अस्ल म्हणजे मूळ. शुद्धमतीताई, अस्सल मराठी म्हणताना आपण काय म्हणतो ते पाहा.

शुद्धमती
रुळलेल्या शब्दाला माझा विरोध कधीच नव्हता. ‘अस्सल’ मुरलाय. ‘रेप्रो’ मुरलेला नाही, एवढंच माझं म्हणणं. ‘पायरसी’साठी चाचेगिरीही आपण स्वीकारलीच की.

जुनी_पेटी
चाचेगिरी नको हो, समुद्र आठवतो. ‘चोरसाचा’ कसा वाटतो? रिकास्टसाठी म्हणतोय.

शब्दांकुर
चोरसाचा! वा. पण मग ओतणाऱ्याला काय म्हणायचं?

लेखणीवाली
मंडळी, ‘रेप्लिका’चं काय करू? तो शब्द अजून तसाच पडलाय.

दारचा_पाहुणा
चोरसाचेकरी?