तळपायांना मुंग्या, साखर-थायरॉइड नॉर्मल, पुढे काय?

प्रश्न: सोलापूर. आई विडी वळते, वय ५२. चार महिने दोन्ही तळपायांना मुंग्या, रात्री जास्त. आता कोणती तपासणी करावी?

उत्तर १: आधी व्हिटॅमिन बी-१२ ची रक्ततपासणी. इंजेक्शन घेण्यापूर्वीच रक्त द्या, नंतर आकडा फुगलेला येतो. २०० pg/mL च्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० आला तर कमतरता आहे का हे पक्कं करायला होमोसिस्टीन ही रक्ततपासणी करा. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

उत्तर २: विडी वळताना सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मांडी घातली की गुडघ्याबाहेरची नस दबते खरी, पण तेव्हा मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूला येतात, बहुधा एकाच पायाला. इथे दोन्ही तळपाय आहेत, म्हणून बी-१२ च आधी.

उत्तर ३: एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका, बारीक नसा त्यात दिसत नाहीत. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी सिव्हिल गाठा.