हबल स्थिरांक उलटा केला की विश्वाचं वय मिळतं, पण जवळजवळच

विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते सांगणारा आकडा म्हणजे हबल स्थिरांक, सुमारे ७०. प्रश्न असा, की हा ७० उलटा करून विश्वाचं वय म्हणून १४ अब्ज वर्षं कशी येतात? एककं सांभाळली की झालं. ७० म्हणजे दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर: दीर्घिका एक मेगापार्सेक जास्त लांब असेल तर तेवढ्या जास्त वेगाने दूर जाते. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०८६ × १०^१९ किलोमीटर. त्याला ७० ने भागा, ४.४१ × १०^१७ सेकंद येतात. वर्षात ३.१५६ × १०^७ सेकंद, म्हणून १३.९७ अब्ज वर्षं. घाईत असाल तर ९७८ भागिले हबल स्थिरांक, उत्तर थेट अब्ज वर्षांत.

पण यात प्रसरणाचा वेग कायम सारखाच धरलाय, आणि गोम तिथेच आहे. सपाट (म्हणजे अवकाशाला वक्रता नसलेल्या) विश्वात नुसतं द्रव्य असतं तर वय याच्या दोन तृतीयांश, ९.३ अब्ज. मग गोलाकार तारकागुच्छांतले १२ अब्ज वर्षांचे तारे कुठे बसवायचे? डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा, धरली की दोन तृतीयांशऐवजी गुणक सुमारे ०.९५ होतो. हबल स्थिरांक म्हणून प्लांक उपग्रहाच्या मोजमापांतून आलेले ६७.४ घ्या: ९७८ भागिले ६७.४ म्हणजे १४.५, आणि १४.५ × ०.९५, म्हणजे १३.८ अब्ज वर्षं.

१९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने काढलेल्या ५०० या आकड्यातून जेमतेम २ अब्ज निघतात, पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी! सूत्र नव्हे, अंतरं चुकली होती. अंतरं मोजायला वापरतात त्या सेफीड ताऱ्यांचे (ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमीजास्त होतं) दोन प्रकार तेव्हा एकच मानले जात. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने ते वेगळे दाखवले आणि अंतरं दुप्पट झाली.