‘शेजारी’ आणि अमरावतीचे जागीरदार

जुन्या मराठी चित्रपटांतील अभिनय सरसकट नाटकी होता, हे मत मला पटत नाही. १९४१ सालचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘शेजारी’ हा चित्रपट आठवून पाहावा. त्यातले केशवराव दाते तर रंगभूमीवरचेच नट. तरीही बुद्धिबळाच्या पटाशी बसलेले ते आणि मिर्झाच्या भूमिकेतील गजानन जागीरदार यांना पाहताना, आपल्याच गावच्या पारावरचे दोन म्हातारे डाव मांडून बसले आहेत असे वाटते. या दोन शेजारी मित्रांत दुरावा आल्यावर एकमेकांची नजर चुकवण्यात जे दुःख आहे, ते एखाद्या लांबलचक संवादात मावले नसते.

जागीरदारांचा जन्म १९०७ चा, आमच्या अमरावतीचा. (आमच्याकडे हे सांगितले की पुष्कळांना आश्चर्य वाटते!) यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात जत्रेतल्या तंबूत, कापसाच्या रिकाम्या बोऱ्यावर बसून मी हा चित्रपट प्रथम पाहिला. रीळ बदलताना एरवी होणारा गलका त्या रात्री धरण फुटण्याच्या प्रसंगाआधी झाला नाही, आणि माझ्या आजोबांच्या हातातली विडी तशीच विझून गेली.